मनुरेव्यातल्या थ्री नॉट थ्री

माझे वडील, आबा, लष्करात हवालदार होते आणि मी तापट आहे. या दोन गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

दोन हजार अकरा साली आई गेली तेव्हा मी ऑकलंडला होते. चुलतभावाचा फोन आला, मी ऑफिसातून तशीच उठले, नवऱ्याने मिळेल ते तिकीट काढलं. सिंगापूरला पुढचं विमान चुकलं. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात मी पोचले तेव्हा आईची राखसुद्धा सावडून झाली होती. आमच्याकडे माणूस गेलं की दिवस मावळायच्या आत उचलायचं, अशी रीत आहे. कुणी कुणासाठी थांबत नाही. आबा अंगणात बसले होते. मला बघून म्हणाले, "लई उशीर केलास गं." रागावून नाही, नुसतंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं, मी उलट भांडले तरी असते.

त्या दिवशीच मनाशी ठरवलं, आबांना इकडे आणायचं. मी लोकांना सांगायचे, ते एकटे राहतात, तब्येत बघायला कुणी नाही. ते खरंच होतं. पण आतली गोष्ट वेगळी होती. आईच्या वेळी मुकले होते, आता आबांच्या वेळी मला तिथे असायचं होतं. त्यांचा हात हातात असायला हवा होता. आणि गाव माझ्यासाठी थांबणार नाही हे माहीत होतं, म्हणून माणूसच उचलून माझ्या दारात आणायचा, असा माझा सरळ हिशोब होता.

वर्षभर मागे लागले तेव्हा कुठे आले. ऑकलंडच्या मनुरेवा भागातल्या आमच्या घरात पहिल्याच पहाटे पाचला उठून त्यांनी अंथरुणाची अशी घडी घातली की नवरा म्हणाला, "आता मलाही घालावी लागणार वाटतं." मग आबा फिरायला गेले आणि अर्ध्या तासात परत आले. म्हणाले, "माणसं कुठं हायती गं हितली? नुसती घरं आन् मोटारी." कोपऱ्यावरच्या डेअरीचा, म्हणजे इथल्या किराणा दुकानाचा, मालक गुजराती होता, त्याच्याशी मोडक्या हिंदीत गप्पा मारायचे, तेवढंच काय ते बोलणं. शेजारच्या पोराकडून 'स्वीट ॲज', म्हणजे 'झकास', एवढं शिकले होते. मी भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी 'स्वीट ॲज' म्हणायचे. हसायचे, पण संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून आभाळाकडे बघत राहायचे. "ह्या आभाळात वळकीची एक चांदनी न्हाई बग," असं एकदा म्हणाले. मी आत जाऊन उगाच भांडी आपटली.

त्यांचं मन रमावं म्हणून मी काय काय केलं! मराठी मंडळात नेलं, तिथे सगळे पुण्या-मुंबईचे, आयटीतले. घरांच्या किमतीशिवाय विषय नाही. देवळात भजनाला नेलं, पुकेकोह्याला कांद्या-बटाट्याची शेतं दाखवायला नेलं. माती हातात घेऊन म्हणाले, "जमीन झ्याक हाय." आणि हात झटकून गाडीत बसले. परतीचं तिकीट त्यांच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात होतं. ते त्यात आहे ना हे ते अधूनमधून चाचपून बघतात, हे मला माहीत होतं.

एका बुधवारी जेवायच्या वेळेला ते घरी आले नाहीत. फोन घरीच ठेवून गेले होते, हे ओघानेच आलं. मी गाडी काढली आणि गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी बोलिंगच्या हिरवळीशेजारी जो माजी सैनिकांचा क्लब आहे, त्याच्या मागच्या गॅरेजात सापडले. चार गोरे-सावळे म्हातारे लाकडी बाकांवर बसलेले, मध्ये आबा, मांडीवर रायफल, हातात चिंदी.

"आबा!" मी इतक्या जोरात ओरडले की एकाच्या हातातला चहा सांडला.

"आगं, वरडतीस कशाला? थ्री नॉट थ्री हाय ही! मी रंगरूट व्हतो तवा हीच दिली व्हती हातात." आणि तोंड असं उजळलेलं, की गेल्या कित्येक महिन्यांत मी ते तसं बघितलं नव्हतं.

त्या म्हाताऱ्यांतला एक आडमाप माओरी गृहस्थ उठला. तरुणपणी व्हिएतनामच्या जंगलात लढलेला, आता कानात मशीन. आबा त्याला सार्जंट म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. "किया ओरा, डॉटर," तो त्याच्या भाषेत नमस्कार करत म्हणाला आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. कुणीही जुना सैनिक गेला, की हे लोक त्याच्या अंत्यविधीला रायफली घेऊन जातात आणि आकाशाकडे नळ्या करून तीन वेळा बार उडवतात. काडतुसं आवाजापुरती, आत गोळी नसते. रायफली लोखंडी कपाटात, त्यांचे बोल्ट दुसऱ्या कपाटात, किल्ल्या सार्जंटकडे. "अडचण एकच आहे," तो म्हणाला, "आज जे उडवतात त्यांच्यासाठीच उद्या उडवायची वेळ येते. हात कमी पडायला लागलेत."

आबांना यातलं काही कळलं नव्हतं. मी यायच्या आधी ते नुसते कुंपणावरून डोकावले होते, सार्जंटने नळीत डोळा घालून बघितलं, आबांनी मान हलवली, की अजून मळ आहे. मग सार्जंटने रायफल त्यांच्यापुढे धरली. एवढ्यावर दोघांची दोस्ती. आबांना इंग्रजी येत नव्हतं, सार्जंटला हिंदी येत नव्हतं. पण बोल्ट, बॅरल, मॅगझिन हे शब्द दोघांचे सारखेच होते आणि त्यांना त्याहून जास्त शब्द लागतही नव्हते.

घरी येताना मी गाडीत खूप बोलले. सांगून जायचं, फोन न्यायचा, परक्या देशात बंदुकीला हात लावायचा नाही. आबा ऐकत होते की नाही कोण जाणे. उतरताना म्हणाले, "बुधवारी पुन्हा बोलीवलंय." आणि मी मनात म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. मंडळ नको, भजन नको; या माणसाला या रायफलीच बांधून ठेवतील. पुढच्या आठवड्यात माझी मलमलची चांगली ओढणी फाडून त्यांनी नळी पुसायच्या चिंध्या केल्या, तेव्हा मी थयथयाट केला, पण खोटा खोटा. दुसरी ओढणी मीच दिली असती. त्या आठवड्यापासून बॅग चाचपणं बंद झालं होतं.

मग खंडेनवमी आली. इथे नवरात्र वसंतात येतं, झेंडूचा पत्ता नसतो. आबांनी माझ्याकडे हळदी-कुंकू मागितलं. मला वाटलं, नेहमीसारखं स्वयंपाकघरातल्या विळीला आणि नवऱ्याच्या ड्रिल मशीनला लावणार असतील. मी डबीच दिली. ती खिशात घालून आबा क्लबात गेले, सार्जंट चहाला पाणी ठेवायला आत गेला तेवढ्यात त्यांनी सगळ्या रायफली ओळीने मांडल्या आणि लाकडी दस्त्यांवर हळदी-कुंकवाची बोटं ओढली. शेजारणीच्या कुंपणावरची पिवळी फुलं वाहिली. नशीब, नुसती बोटं ओढली, स्वस्तिक नाही काढलं! महायुद्ध बघितलेल्या माणसांच्या क्लबात ते निस्तरता निस्तरता माझे केस पांढरे झाले असते. पूजा झाल्यावर आबांनी सगळं पुसलं, आपल्या मते स्वच्छ पुसलं, आणि घरी येऊन निवांत जेवले. मला अक्षरानेही बोलले नाहीत.

त्या शनिवारी एका म्हाताऱ्या नौसैनिकाचा अंत्यविधी होता. आबांना बघायचं होतं म्हणून मी गाडीने घेऊन गेले. भुरभुर पाऊस लागला होता. तुकडी ओळीत उभी, अंगावर कोट, छातीवर पदकं, हातात पांढरेशुभ्र मोजे. जुन्या लाकडाच्या रेषांत मुरलेलं कुंकू पावसाने सुटलं. पहिला बार झाला, बोल्ट मागे-पुढे झाले, आणि बघता बघता एकेकाचा पांढरा मोजा लाल. मयताची मुलगी किंचाळली, "त्यांना लागलंय!" पाद्री वाचता वाचता थांबला. लोक पुढे धावले. ज्याच्या हाताला काहीच लागलं नव्हतं तो म्हातारा स्वतःच्या तळव्याकडे बघून पांढराफटक पडला. सार्जंटने मोजा नाकाशी नेला, वास घेतला, आणि हळूच मान वळवून गर्दीच्या मागे बघितलं. तिथे आबा सावधानमध्ये ताठ उभे, नजर समोर. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

उरलेले बार झाले. सगळं आटोपल्यावर मी सार्जंटपुढे जाऊन इतक्या वेळा सॉरी म्हटलं की त्याने कानातलं मशीन बंद केलं. खरंच केलं. मग पुन्हा लावून आबांकडे बोट करत म्हणाला, "त्याला विचार, ते काय होतं?"

आबा म्हणाले, "सांग त्यास्नी. वर्साचं एकदा हत्याराच्या पाया पडायचं. म्हणायचं, बाबा, तू व्हतास म्हणून घरी आलो. आन् तुज्याकडनं जे झालं त्याची मापी."

मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. सार्जंटने लाल झालेले मोजे काढून खिशात कोंबले. मग म्हणाला, "मी ही बंदूक पन्नास वर्षं हाताळतोय. तिला कुणी थँक यू म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकतोय." त्याने आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी मला सांगून कर. आमचीही प्रार्थना असते, दोन्ही करू. आणि नंतर धुऊन टाकू, काय?" आबा म्हणाले, "स्वीट ॲज." मला हसूही येत होतं आणि आबांना बदडावंसंही वाटत होतं.

पुढच्याच महिन्यात तुकडीतला एक जण गुडघ्यामुळे उभा राहू शकेना. सार्जंटने आबांना ओळीत घेतलं. लायसन्सवाला माणूस शेजारी असला की चालतं, असं त्याने पोलिसांना विचारून घेतलं होतं. आबांचा कोट नवऱ्याचा, हाताला ढगळ. पण आज्ञा सुटली आणि माझा सत्तरीपुढचा बाप एकदम पंचविशीचा झाला. आज्ञा इंग्रजीत होत्या. आबा ओठांतल्या ओठांत आपल्या पलटणीतलं हिंदी म्हणत होते: सलामी शस्त्र, शोक शस्त्र. रायफल उलटी करून नळीचं तोंड बुटावर टेकवलं, दस्त्यावर हात, हातावर मान. बार झाले तेव्हा झाडांवरचे सीगल उडाले आणि मला रडू फुटलं. ज्याला निरोप देत होते त्याला मी ओळखतही नव्हते. मला आनंद झाला होता, हे सांगायला आता कसली लाज? मला वाटत होतं, आता हे कुठे जात नाहीत.

पुढची तीनेक वर्षं अशी गेली. मी त्यांना घेऊन गावोगावच्या स्मशानांत गेले. लोक वडिलांना बीचवर नेतात, मी दफनभूमीत न्यायचे. परतताना आबा खिडकीतून बघत असायचे आणि मध्येच काहीतरी म्हणायचे. "गावाकडं आता ज्वारी काढत असतील." किंवा, "तुजी आई आसती तर हितल्या गाईंची दुधं बघून येडी झाली आसती." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. रेडिओ लावायचे. त्यांना गावाची ओढ होती आणि मला त्यांची, आणि एका गाडीत या दोन ओढी मावत नव्हत्या.

दोन हजार सोळात सार्जंट गेला. झोपेतच. क्लबातून फोन आला तेव्हा आबांनी बूट काढून पॉलिश करायला घेतले. मला वाटलं, मनुरेव्यालाच होईल सगळं. माणूस आयुष्यभर इथे राहिला, मुलं इथे वाढवली. पण त्याच्या लोकांनी त्याला घरी न्यायचं ठरवलं. घरी म्हणजे उत्तरेला खाडीकाठच्या एका वाडीवर, जिथे त्याचे आजे-पणजे पुरलेत. तो लहान असतानाच तिथून बाहेर पडला होता. तरी 'घरी'. रायफली क्लबातल्या एकाच्या गाडीत निघाल्या, आबा माझ्या गाडीत.

माओरी लोकांत माणूस गेलं की त्याला त्यांच्या कुळाच्या सभागृहात आणून ठेवतात. त्याला ते मराए म्हणतात, म्हणजे ते घर आणि त्यापुढचं अंगण. शवपेटी उघडी. घरच्या बायका काळे कपडे घालून पेटीला लागून बसतात, रात्री तिथेच निजतात, त्याला क्षणभर एकटं सोडत नाहीत. येणारा प्रत्येक जण समोर उभा राहून थेट मेलेल्या माणसाशी बोलतो. कुणी रडतो, कुणी चक्क भांडतो. एक म्हातारी सार्जंटला शिव्या घालत होती, कारण त्याने तिची होडी नेऊन बुडवली होती. बाहेर तंबूत मोठमोठ्या पातेल्यांत स्वयंपाक. येईल त्याला जेवण. हे तीन दिवस. आम्हाला त्यांनी सभागृहातच गाद्या दिल्या. आबा त्या घरात असे वावरत होते, जणू भावकीतल्याच एखाद्या घरी आलेत.

शेवटच्या दिवशी सकाळी पेटी बंद करायची होती, पण करत नव्हते. मी शेजारी बसलेल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "त्याची मुलगी ऑस्ट्रेलियातून, पर्थहून यायची आहे." दुपार होत आली तेव्हा ती आली. विमानतळावरून तशीच, पायात जांडल्स, म्हणजे रबरी चपला, केस विस्कटलेले. अंगणाच्या टोकापासूनच हंबरडा फोडत आली आणि बापाच्या छातीवर पडली. सगळं अंगण तिच्यासाठी थांबलेलं. मला ते बघवेना. मी पलीकडे जाऊन नळाखाली तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. माझ्या आईसाठी कुणी मला इतका वेळ दिला नव्हता. असा हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटलेला नाही, आणि तो सुद्धा बाप गेलेल्या बाईचा.

टेकडीवर पुरलं. तुकडीने बार उडवले, खाडीवरून आवाज परत आला. नातवंडांनी पाय आपटत हाका हा त्यांचा नाच केला, जमीन हादरली. रायफल खाली करताना आबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. मग सगळ्यांनी एकेक मूठ माती टाकली, आबांनीही टाकली.

परतीच्या वाटेवर मी पेट्रोल भरायला थांबले. पंप लावून गाडीत बसले तर आबा समोर बघत म्हणाले, "मी जातो आता घरी."

"चाललोय की घरीच."

"गावाकडं म्हणतोय मी."

मी समजलेच होते. "आबा, मला नका सांगू हे आत्ता."

"जलमभर हितं ऱ्हायला त्यो, तरी मातीला घरी न्हेलं त्याला. लांब हाय म्हणून कुणी म्हणालं न्हाई. मग मला कशापायी अडीवतीस?"

माझा तोल सुटला. जे इतकी वर्षं पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "कशापायी? आईचं तोंड बघायला मिळालं नाही मला, म्हणून! तुम्ही जा, जा खुशाल. एक दिवस फोन येईल, मी कुठल्या तरी विमानतळावर बसलेली असेन आणि तुम्हाला जाळून मोकळे होतील तुमचे गाववाले. मग मी येऊन कुणाच्या गळ्यात पडू? राखेच्या?" मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मी काच खाली करून त्यालाही मराठीत बोलले.

आबांनी मांडीवरचे पांढरे हातमोजे उलगडून पुन्हा घडी घातली. मनुरेवा येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि पुढच्या महिन्यात ते गेले.

विमानतळावर क्लबातले चार म्हातारे आले होते. आबांनी एकेकाचा हात दोन्ही हातांत घेतला. मला म्हणाले, "जीवाला लावून घिऊ नगंस." मी म्हटलं, "घेणार." ते आत गेले. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून खूप रडले, आणि पार्किंगचे जास्तीचे पैसे भरताना त्या मशीनला लाथ मारली.

नंतर मी रोज फोन करायचे. ते ज्वारीचं सांगायचे, कुणाच्या म्हशीचं सांगायचे. आवाजात उभारी होती, ती इथे कधी नव्हती, आणि ते ऐकून बरं वाटायचं आणि वाईट वाटायचं. घरात त्यांची खोली तशीच राहिली. नवरा म्हणाला, तिथे टेबल टाकू, आपली लेक अभ्यास करेल. लेकीनेच सांगितलं, "नो, दॅट्स आबाज रूम." दसऱ्याच्या आदल्या दिवशी क्लबातून निरोप आला, पूजा करणारं आता कुणी नाही, तू येशील का? मी गेले. चुकतमाकत केली. हळदी-कुंकू लावताना त्या थंड लोखंडावर आबांचा हात कुठे कुठे पडला असेल, तिथे तिथे मी हात ठेवून बघितला.

दोन हजार एकोणीसच्या सुरुवातीला, ऑफिसात असताना, चुलतभावाचा फोन आला. नाव बघूनच कळलं. "आक्का, आबा गेलं. चहा पिता पिता मान टाकली."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आणि एवढी वर्षं ज्याची भीती होती ते समोर आल्यावर मी कसं कोण जाणे, पण शांतपणे म्हणाले, "उचला त्यांना. माझ्यासाठी थांबू नका. मला नाही पोचता येणार."

पलीकडून तो म्हणाला, "उचलायचं न्हाई म्हणून सांगून ठिवलंय त्यांनी. तिकडनं आलं त्याच साली चावडीवर समद्यांम्होरं वचन घेतलं. म्हणालं, तिकडं लोकं थांबत्यात. पोरगी परदेशातनं येतीया तवर पेटी उघडी ठिवत्यात, मी डोळ्यांनी बघितलंय. माजी पोरगी आल्याबिगर मला हात लावायचा न्हाई." त्याचा आवाज फुटला. "तू ये, आक्का. सावकास ये. आम्ही हाय हितं."

त्यांनी बघितलं होतं तर. गाडीत एक शब्द बोलले नव्हते माझ्याशी.

विमानतळावरून मी क्लबात फोन केला. तिकडचे म्हणाले, "वेळ कळव. शेजाऱ्यांना, पोलिसांना सांगून बार उडवायला सवड नाही, पण रायफली उलट्या करून उभे राहू." वेळ मलाच माहीत नव्हती. त्यांनी सांगितलं, मग आत्ताच उभे राहतो. मी फोन कानाला लावून रांगेत उभी राहिले. पलीकडून फक्त एक आज्ञा ऐकू आली आणि मग काही नाही, गाड्यांचा आवाज तेवढा.

गावात पोचले तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन कलायला लागलं होतं. साताऱ्याहून बर्फाची काचेची पेटी आणली होती, ती अंगणात, वर मांडव. गावातले निवृत्त फौजी पदकं लावून दोन बाजूंना उभे. बंदूक एकही नव्हती. आमच्या गावात हवालदाराला सलामी द्यायला कोण येतंय? पण हलले नव्हते ते. मयत दारात असताना भावकीत चूल पेटवत नाहीत. कालपासून कुणाच्याच घरी पेटली नव्हती. लेकरांना बिस्किटं दिलेली, मोठी माणसं काळ्या चहावर. थोरली चुलती मला धरून पेटीपाशी नेताना म्हणाली, "बग, आख्खी भावकी उपाशी ठिवली तुज्या बानं तुज्यापायी." आणि तीच आधी रडली.

पेटीचं झाकण काढलं. आबांचा हात हातात घेतला. गार होता. तोंडातून रडणं येईल असं वाटलं होतं, आलं ते बोलणं. सगळ्यांदेखत, मोठ्याने. म्हटलं, आलेय मी आबा, बघा. म्हटलं, मला एका शब्दाने सांगायचं तरी होतं, मी दोन वर्षं तुमच्यावर चिडून होते. ओढणीचं बोलले, न सांगता गेलेल्या बुधवारचं बोलले. आईचं बोलले. म्हटलं, तिला सांगा, या वेळेला मी उशीर नाही केला. बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. कुणी मला थांबवलं नाही. सूर्य डोंगराला टेकत होता तरी कुणी वर बघितलं नाही.

खूप वेळाने चुलतभाऊ शेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, "झालं का, आक्का?"

झालं नव्हतं. पण सगळे उपाशी होते. मी हो म्हणाले, आणि त्यांनी आबांना उचललं.